पहिली सागरयात्रा

पांढुर्णा-सौंसरकडील आम्हां माणसांना पाणी ठाऊक ते जाम नदीचे. विवाहास पंचवीस वर्षे झाली, तेव्हा आम्ही उभयतांनी मुंबईहून गोव्यास जहाजाने जाण्याचे योजिले. २०२१ साली अशी विहारनौका सुरू झाली आहे. परंतु सौभाग्यवतींस बोट लागण्याचे भय, आणि भाडे द्यावयाचे ते संत्र्याच्या बहारातून साठविलेले! म्हणून प्रथम भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास, २०२० साली सुरू झालेल्या मोटारवाहू बोटीने, तासाभराचा प्रवास केला. भय ओसरले. मगच जहाजावरील खोली ठरविली: मध्यभागी, खालच्या मजल्यावर; तेथे हेलकावे कमी लागतात. खिडकीचा मोह सोडला, पैसे वाचले. समुद्र वरून दिसतोच. वाचकहो, दोघांत जो भितो, त्याचे आधी ऐकावे.