डिझेलची बचत : आधी वेग, मग टायर

ट्रकच्या धंद्यात सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. मालेगाव, भिवंडीच्या कापडाच्या गाठी वाहणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचा नफा गाडीच्या 'ॲव्हरेज'वरच ठरतो. ते वाढावे म्हणून काहीजण मोठ्या साइजचे टायर बसवतात. पण आधी वेगाकडे पाहावे.

हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने गाडी पळवल्यास तो सुमारे पावणेदोनपट होतो. ताडपत्री सैल फडफडत असेल तर आणखी भर. आणि वाचते काय? सपाट रस्त्यावर १०० किलोमीटरमागे फक्त २५ मिनिटे! २०१८ पासून चौपदरी महामार्गावर मालवाहू गाडीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० आहे, पण मर्यादा म्हणजे किफायतशीर वेग नव्हे. रस्ता मोकळा असेल तर ५५ ते ६० चा एकसारखा वेग ठेवावा, आर.पी.एम.चा काटा हिरव्या पट्ट्यात राहू द्यावा.

आता टायर. १०.००-२० च्या जागी ११.००-२० बसवल्यास चाकाचा व्यास सुमारे ३ टक्के वाढतो. त्याच वेगाला इंजिन थोडे कमी फिरते, हे खरे. पण कसारा घाटासारख्या चढावर भरलेल्या गाडीला खालचा गिअर लवकर घ्यावा लागतो. शिवाय मीटर कमी दाखवते. गाडी ४१२ किलोमीटर धावली तरी मीटरवर ४०० च दिसतात. मालकाला ॲव्हरेज पडल्यासारखे वाटते आणि डिझेलचोरीचा संशय विनाकारण ड्रायव्हरवर येतो. झिजलेले टायर काढून नवे घातल्यावरही असाच फरक पडतो. म्हणून टायर बदलल्याची तारीख डिझेलच्या वहीत जरूर लिहावी.

साइज कंपनीने ठरवून दिलेलाच ठेवावा. नायलॉनपेक्षा रेडियल टायर कमी ताकदीत फिरतो. मात्र एकाच ॲक्सलवर दोन्ही मिसळू नयेत. जोडचाकातील दोन्ही टायर सारख्या व्यासाचे हवेत, नाहीतर मोठ्यावर जास्त बोजा येतो. हवा टायर थंड असताना तपासावी. कमी हवेने टायर तापतो, झिजतो आणि डिझेल खातो.

गाडी महिन्याला २००० लिटर डिझेल पीत असेल, तर ५ टक्के बचत म्हणजे १०० लिटर. त्यासाठी नवा खर्च करावा लागत नाही. फक्त माल पोहोचवण्याची वेळ ठरवताना मालकाने ड्रायव्हरला अर्धा तास जास्त द्यावा.