पाचूबंदरच्या किनाऱ्यावरून ‘चेम्मीन’

चेम्मीन म्हणजे कोळंबी. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची या नावाची मल्याळम कादंबरी १९५६ साली आली, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये रामू कार्याट यांनी ती पडद्यावर आणली. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो दक्षिणेतला पहिला चित्रपट. हा मान मराठीला त्याआधीच, पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी मिळाला होता, ‘श्यामची आई’मुळे, आणि तोही चित्रपट पुस्तकातूनच आलेला.

‘चेम्मीन’ची जुळणीही भारतभरची होती. संगीत बंगालच्या सलील चौधरींचे, संकलन हृषीकेश मुखर्जींचे, आणि किनाऱ्यावर झुरणाऱ्या नायकाला, परीकुट्टीला, आवाज मन्ना डे यांचा. तरीही तो केरळच्या वाळूतलाच वाटतो, कारण मार्कस बार्टली यांच्या कॅमेऱ्याने समुद्राला देखावा होऊ दिले नाही.

दर्यावर गेलेल्या नवऱ्याचा जीव घरातल्या बायकोच्या पातिव्रत्यावर अवलंबून असतो, या समजुतीची ही कथा, असे साठ वर्षे सांगितले गेले. करुत्तम्मा आणि परीकुट्टीचे प्रेम, मग पळनीशी झालेले तिचे लग्न, आणि शेवटी तिघांचाही घास घेणारी कडलम्मा, म्हणजे समुद्रमाता. मला मात्र वसईत राहून हा चित्रपट पाहताना दर वेळी कर्ज दिसते. करुत्तम्माचा बाप चेंबनकुंजू होडी आणि जाळी घेण्यासाठी परीकुट्टीकडून पैसे उचलतो, मासळी त्यालाच देण्याचा शब्द देतो आणि तो पाळत नाही. परीकुट्टीचा धंदा बुडतो. बापाने बुडवलेल्या पैशाचा सल मुलगी सासरी घेऊन जाते. पातिव्रत्याचा सगळा जाच तिच्यावर, देणे मात्र बापाचे! कोट्टारक्करा श्रीधरन नायर यांनी चेंबनकुंजूची हाव अशी उभी केली आहे की प्रेमकथेपेक्षा तीच मनात राहते.

पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. बोट कर्जावरच उभी राहते. जून-जुलै बंदीचे, डिझेल आणि बर्फ रोखीचे, आणि डोलीच्या जाळ्यात बोंबील किती येईल ते दर्याच्या मनावर. पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे मासळी किनाऱ्याला लागली की कारभार कोळणीचा. भाव ती ठरवते, टोपली घेऊन बाजारात ती बसते, घरातला पैसा तिच्या हातून फिरतो. तकळींच्या किनाऱ्यावर बाईने नवऱ्याचा जीव राखायचा. इथे ती रोजचे घर राखते. म्हणूनच ती समजूत मला सुंदर वाटली तरी न्याय्य कधीच वाटली नाही.

कोळीगीतांनी मराठी माणसाला दर्याची गोडी लावली. ‘मी डोलकर’ आजही लग्नात वाजते. पण गाण्यात बोटीचा हप्ता येत नाही, उधारीवर घेतलेले जाळे येत नाही, आणि पहाटे बाजार गाठणाऱ्या बाईचा हिशेबही येत नाही. त्यासाठी कादंबरी लागते, आणि कादंबरी कसदार असेल तर चित्रपट तिच्या मागून येतो.

वसईच्या कोळीवाड्यांतल्या शिकलेल्या मुलींनो, आजीच्या टोपलीचा हिशेब लिहायला घ्या. ती आहे तोवर तिला विचारून घ्या.