मानेवरील किरणोपचारानंतरची थायरॉइड

तोंड, जीभ, घसा किंवा स्वरयंत्र यांच्या कर्करोगासाठी किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेतला ‘शेक’ किंवा ‘लाइट’, घेऊन दोन वर्षे लोटली आहेत. गाठ पुन्हा दिसलेली नाही. डॉक्टरही समाधानी आहेत. तरीही घरातील ज्येष्ठ व्यक्ती दिवसभर पेंगुळलेली असते, भर उन्हाळ्यात पंखा बंद करायला सांगते, चार शब्द बोलायचाही कंटाळा करते. ‘एवढे मोठे आजारपण झाले, शक्ती भरून यायला वेळ लागणारच,’ अशी आपण स्वतःची समजूत घालतो. ही समजूत पुष्कळदा चुकीची ठरते.

थायरॉइड ग्रंथी मानेच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली असते. मानेतील लसिकाग्रंथींवर किरण देताना तिला पूर्णपणे वगळणे बहुधा शक्य होत नाही. किरणांमुळे ग्रंथीतील पेशी आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या यांची हानी होते; ती हळूहळू आक्रसत जाते आणि संप्रेरक कमी पडू लागते. मानेवर किरणोपचार झालेल्यांपैकी साधारणतः २० ते ५० टक्के रुग्णांत पुढे असे घडते. बहुतेकदा पहिल्या पाच वर्षांत, परंतु त्यानंतरही. स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेत थायरॉइडचा काही भाग काढला असेल, तर शक्यता आणखी वाढते.

खरी अडचण ओळखण्यात आहे. थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, घोगरा आवाज, विसराळूपणा, उदासी ही थायरॉइड मंदावल्याची लक्षणे; आणि यांतील बरीचशी वार्धक्याच्या किंवा कर्करोगाच्या खात्यावर सहज जमा होतात. वजन वाढते असे सर्वत्र सांगितले जाते. पण ज्यांना गिळतानाच त्रास होतो, त्यांचे वजन वाढेलच असे नाही. म्हणून लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नाही. रक्तातील टीएसएच दर सहा ते बारा महिन्यांनी तपासावे, असा सर्वमान्य वैद्यकीय संकेत आहे. फेरतपासणीत सारे लक्ष गाठीकडे असते आणि ही साधी तपासणी राहून जाते. तेव्हा आपणच विचारावे. नाकामागील भागावर किरण दिले असल्यास मेंदूतील पीयूषिका ग्रंथीलाही झळ पोहोचू शकते. अशा वेळी टीएसएच सामान्य दिसूनही संप्रेरक कमी असते. त्यासाठी फ्री टी-४ हीही तपासणी लागते. बायोटिन असलेल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण त्यामुळे अहवाल फसवा येऊ शकतो.

उपचार सोपा आहे: लेव्होथायरॉक्सिनची रोजची गोळी, बहुधा आयुष्यभर. वृद्धांना, विशेषतः हृदयविकार असल्यास, अगदी कमी मात्रेने सुरुवात करतात. मात्रा घाईने वाढवली तर छातीत धडधड किंवा वेदना होऊ शकते. गोळीचा पूर्ण परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. आठ दिवसांत हुशारी आली नाही म्हणून गोळी सोडू नये, आणि बरे वाटले म्हणूनही सोडू नये.

गोळी पहाटे, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर द्यावी. नंतर अर्धा ते एक तास चहाही नको. आपल्याकडे चहाशिवाय दिवस उगवत नाही, हे खरे. पण कप आणि बाटली शेजारी ठेवली की हा नियम मोडलाच म्हणून समजा. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने द्याव्यात. बाटली ओट्याजवळच्या उष्ण-दमट जागेत ठेवू नये, पावसाळ्यात झाकण विशेष काळजीने घट्ट लावावे. गोळी गिळवत नसेल, तर ती कुटून पाण्यातून देता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. नळीतून आहार चालू असल्यास हे अधिकच महत्त्वाचे. कारण औषध नळीला चिकटते आणि काही पोषक पेयांमुळे, विशेषतः सोयायुक्त पेयांमुळे, त्याचे शोषण घटते. कोणत्या वेळी आहार थांबवायचा, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्यावे.

कधी रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नाही, असंबद्ध बोलतो, अंग थंडगार पडते, श्वास मंदावतो. अशा वेळी रक्ततपासणीच्या अहवालाची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि मानेवर किरणोपचार झाल्याचे तेथे प्रथम सांगावे.