नदीतीरावरील अस्थी आणि कवटीची मोजपट्टी

महासतिपट्ठान सुत्तात स्मशानातील देहाचे नऊ अवस्थांतून निरीक्षण करावयास सांगितले आहे. साधक अस्थींकडे पाहून अनित्यता जाणतो. शास्त्रज्ञ त्याच अस्थींना वेगळा प्रश्न विचारतो : हा मनुष्य कोण होता? या प्रश्नात किती राजकारण दडलेले असते, हे केनेविकच्या प्रकरणावरून कळते.

२८ जुलै १९९६ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या उथळ पाण्यात दोन तरुणांना मानवी कवटी सापडली. पुरातत्त्वज्ञ जेम्स चॅटर्स यांनी तीरावरील गाळातून जवळजवळ संपूर्ण सांगाडा गोळा केला. लांबट कवटी व अरुंद चेहरा पाहून प्रथम त्यांना तो एखादा गोरा वसाहतकार वाटला. परंतु कमरेच्या हाडात दगडी भाल्याचे टोक रुतलेले होते आणि त्याभोवती हाड पुन्हा वाढले होते. म्हणजे त्या घावानंतरही तो मनुष्य जगला होता! पुढे कार्बन-१४ पद्धतीने त्याचा काळ सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा ठरला. अस्थींतील समस्थानिकांवरून त्याचा आहार मुख्यत्वे सागरातून येणाऱ्या जीवांचा असावा, असेही दिसले.

तेथील मूळ रहिवासी जमातींनी १९९० च्या कायद्यान्वये आपल्या या पूर्वजाच्या अस्थी दफनासाठी मागितल्या. आठ शास्त्रज्ञ न्यायालयात गेले. नाते सिद्ध होत नाही, म्हणून २००४ साली निकाल शास्त्रज्ञांच्या बाजूने लागला. कवटीची मापे तर ऐनू व पॉलिनेशियन लोकांशी जुळतात असे सांगण्यात आले होते. ज्यांची भूमी हिरावली गेली, त्यांचे पूर्वजही आता हिरावले जात होते.

२०१५ साली हाताच्या हाडातून मिळविलेल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी कोलव्हिल जमातीच्या लोकांनी आपले नमुने दिले होते. आजच्या जगातील कोणत्याही समूहापेक्षा तो मनुष्य अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनाच अधिक जवळचा निघाला. एकट्या कवटीच्या मापांवरून वंश ठरविता येत नाही, हेही त्याच अभ्यासाने दाखविले. जमाती जे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या होत्या, ते मान्य होण्यास एकोणीस वर्षे लागली.

आपल्या वाचकांना येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाचे स्मरण होईल. अस्पृश्यता वंशभेदातून जन्मली, हे मत त्यांनी तपासले ते नाकाच्या मापांच्या कोष्टकांवरूनच. आणि मानवमिती हे विश्वसनीय शास्त्र मानले तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे दाखवून दिले. मोजपट्टी धरणाऱ्यांच्याच हातातील मोजपट्टी त्यांनी त्यांच्यावर उलटविली. त्या वाक्यातील ‘जर’ किती सावधपणे योजिला होता, ते केनेविकनंतर अधिक जाणवते.

डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत अस्थी परत करण्याचा कायदा झाला. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी पाच जमातींच्या दोनशेहून अधिक लोकांनी त्या प्राचीन पुरुषाला पुन्हा भूमीच्या स्वाधीन केले. ते स्थळ त्यांनी जाहीर केलेले नाही.