मर्यादित प्रेक्षागार: महासाथीच्या काळातील फुटबॉल-प्रेक्षकांचे पुनरागमन

मार्च २०२० मध्ये युरोपातील फुटबॉल-सामने थांबले आणि त्याच वर्षीच्या मे-जून महिन्यांत ते पुन्हा सुरू झाले, परंतु प्रेक्षकांविना. त्यानंतर प्रेक्षकांना मैदानात परत कसे आणावयाचे, किती आणावयाचे आणि कोणाला आणावयाचे, हा प्रश्न दोन वर्षे निरनिराळ्या देशांच्या शासनांपुढे उभा होता. वरवर पाहता हा करमणुकीच्या व्यवस्थेचा प्रश्न वाटतो. वस्तुतः जमाव म्हणजे काय, त्याचे नियमन कोठे करावयाचे आणि खेळात प्रेक्षकाचे स्थान कोणते, हे समाजशास्त्रातील जुने प्रश्न त्यात नव्या स्वरूपात उपस्थित झाले. ज्यांची नोंद तुलनेने तपशीलवार उपलब्ध आहे अशा इंग्लंड व जर्मनी या दोन देशांच्या अनुभवाच्या आधारे त्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

सामने थांबण्यापूर्वीच्या दोन प्रसंगांचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. १९ फेब्रुवारी २०२० रोजी बेर्गामोच्या आतालांता संघाचा वालेन्सियाशी सामना मिलानच्या सान सीरो मैदानावर झाला. चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांत बहुसंख्य बेर्गामोचे होते. आणि पुढील महिन्यात बेर्गामो हेच इटलीतील साथीचे सर्वांत भीषण केंद्र ठरले. ११ मार्च रोजी लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर सुमारे ५२,००० प्रेक्षकांत माद्रिदहून आलेले सुमारे ३,००० लोक होते. स्वतः माद्रिदमध्ये तेव्हा मोठ्या मेळाव्यांवर बंदी आलेली होती. या दोन सामन्यांमुळे फुटबॉलचे मैदान हे साथीचे एक प्रतीकच बनले. पुढील सर्व निर्बंधांवर या स्मृतीची छाया आहे, हे ध्यानात घेतल्याविना त्या निर्बंधांचा कठोरपणा समजत नाही.

जर्मनीतील बुंडेसलीगा १६ मे २०२० रोजी, तर इंग्लंडमधील प्रीमियर लीग १७ जून रोजी रिकाम्या मैदानांवर सुरू झाली. जर्मन भाषेत अशा सामन्यांना 'गाइस्टरश्पीले', म्हणजे भुतांचे सामने, असे म्हणतात. हा शब्द महासाथीने घडविलेला नव्हे. प्रेक्षकांच्या दांडगाईबद्दल शिक्षा म्हणून एखाद्या संघास बंद दारांआड खेळावयास लावण्याची प्रथा युरोपात जुनी आहे व हा शब्द त्या प्रथेबरोबर आला. जे साधन आजवर दंड म्हणून वापरले गेले तेच २०२० मध्ये, कोणाचाही अपराध नसताना, सार्वत्रिक झाले. दूरचित्रवाणीवर खेळ पाहणाऱ्यांसाठी व्हिडिओ-खेळातील गर्दीचा ध्वनिमुद्रित गजर जोडण्यात आला, आणि म्योन्शनग्लाडबाख येथे प्रेक्षकांची पुठ्ठ्याची चित्रे आसनांवर उभी केली गेली. प्रेक्षकाची उणीव भरून काढण्याचे हे प्रयत्न काहीसे केविलवाणे होते. तथापि प्रेक्षक केवळ गिऱ्हाईक नसून खेळाचा घटक आहे, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती.

आता पुनरागमनाच्या योजनेकडे वळू. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून प्रेक्षकांना मर्यादित प्रवेश देण्याचा मानस होता. २९ ऑगस्ट रोजी ब्रायटन येथील एका मित्रत्वाच्या सामन्यास सुमारे २,५०० लोकांना चाचणीदाखल प्रवेश देण्यातही आला. परंतु साथ पुन्हा वाढू लागताच २२ सप्टेंबर रोजी ही योजना स्थगित झाली. या काळात एक विसंगती निर्माण झाली. खालच्या श्रेणीतील छोट्या संघांच्या मैदानांवर काही शेकडा प्रेक्षक कठड्याला टेकून सामना पाहू शकत होते, चित्रपटगृहे व मद्यगृहे छताखाली माणसे घेत होती, आणि साठ हजार आसनांची उघडी मैदाने मात्र पूर्णपणे रिकामी होती.

पुढे २ डिसेंबरपासून प्रदेशांची तीन स्तरांत विभागणी झाली. पहिल्या स्तरात ४,००० व दुसऱ्यात २,००० ही प्रेक्षकांची कमाल मर्यादा. मात्र मैदानाच्या निम्म्या क्षमतेपेक्षा अधिक नाही. तिसऱ्या स्तरात प्रवेशच नाही. ३ डिसेंबर रोजी लंडनमध्ये आर्सेनलच्या सुमारे साठ हजारांच्या मैदानात २,००० लोक बसले. ५ डिसेंबर रोजी वेस्ट हॅम व मँचेस्टर युनायटेड यांचा सामना तितक्याच प्रेक्षकांसमोर झाला. मँचेस्टर तिसऱ्या स्तरात असल्याने तेथील मैदाने रिकामीच होती. १६ डिसेंबरला लंडनही तिसऱ्या स्तरात गेले आणि एका पंधरवड्यात तेथील पुनरागमन संपुष्टात आले.

ही २,००० ची संख्या कोठून आली? आसनांच्या भूमितीतून ती आली नाही, हे थोड्या हिशेबाने दाखविता येते. आसनाची रुंदी अर्धा मीटर व दोन रांगांमधील अंतर ७५ सेंटिमीटर धरू. प्रत्येक प्रेक्षक एकटा आहे व दोघांत दोन मीटर अंतर हवे, असे मानल्यास एका रांगेत दर चौथे आसन व दर तिसरी रांग उपयोगात येईल. म्हणजे बारा आसनांमागे एक माणूस. साठ हजारांच्या मैदानात हे ५,००० होतात. एकाच घरातील तिघे शेजारी बसू शकतात असे धरल्यास सहा आसनांमध्ये तीन माणसे मावतात. तिसऱ्या रांगेचा नियम तसाच ठेवला तरी अठरा आसनांमागे तिघे, म्हणजे एकूण १०,०००. अंतर एक मीटरवर आणले, आणि एक रांग सोडून एक रांग भरली, तर तिघांच्या गटांनी आठ आसनांमागे तीन माणसे बसतील व संख्या २२,५०० पर्यंत जाईल. तात्पर्य, अंतराच्या नियमात एक मीटरचा फरक झाला की क्षमता दुपटीहून अधिक बदलते. आणि सर्वांत कडक नियमानेही जी संख्या निघते तिच्या निम्म्याहून कमी लोकांना आत सोडले गेले.

याचे स्पष्टीकरण मैदान-सुरक्षेच्या शास्त्रात सापडते. १९७१ च्या जानेवारीत ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात सामना संपून लोक बाहेर पडत असता एका जिन्यावर ६६ माणसे चेंगरून मृत्यू पावली. त्यानंतर १९७३ मध्ये सुरक्षेची जी मार्गदर्शिका निघाली ती 'ग्रीन गाइड' या नावाने ओळखली जाते. तिचे एक तत्त्व असे, की मैदानाची क्षमता म्हणजे आसनांची संख्या नव्हे. आत किती माणसे मावतात, ठराविक वेळेत किती आत येऊ शकतात, किती बाहेर पडू शकतात व संकटकाळी किती सुटू शकतात, या चार संख्यांपैकी जी सर्वांत लहान तीच खरी क्षमता. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत, जीत अखेर ९७ जणांचा बळी गेला, प्रवेशद्वारांकडे झालेल्या दुर्लक्षाने हेच तत्त्व पुन्हा भयंकर रीतीने सिद्ध झाले. तिच्या चौकशीनंतर वरच्या श्रेणीच्या मैदानांवर सर्वांसाठी आसने सक्तीची झाली. त्या सुधारणेचा एक अनपेक्षित लाभ २०२० मध्ये मिळाला: प्रत्येक प्रेक्षकाचे स्थान नक्की असल्यामुळे अंतर मोजणे व संसर्गाचा माग काढणे शक्य झाले.

महासाथीत या चार संख्यांना पाचवीची जोड मिळाली. ती म्हणजे मैदानाभोवतालच्या शहराची क्षमता: आगगाड्या, बसथांबे, मद्यगृहे, चौक. दोन हजारांची मर्यादा या पाचव्या संख्येच्या धास्तीने घातलेली दिसते. ती धास्ती निराधार नव्हती, हे पुढील वर्षी दिसून आले.

२०२१ च्या वसंतात इंग्लंडमध्ये शासनाने प्रायोगिक कार्यक्रमांची एक मालिका हाती घेतली. वेम्बली मैदानावर १८ एप्रिलच्या एफ. ए. कप उपांत्य सामन्यास ४,०००, २५ एप्रिलच्या लीग कप अंतिम सामन्यास ८,००० व १५ मेच्या एफ. ए. कप अंतिम सामन्यास सुमारे २१,००० प्रेक्षकांची मर्यादा होती. क्रीडा व करमणुकीच्या पहिल्या टप्प्यातील कार्यक्रमांस मिळून सुमारे ५८,००० लोक उपस्थित होते आणि त्यांत संसर्गाची केवळ २८ प्रकरणे आढळली. वृत्तपत्रांनी या आकड्याचे स्वागत केले. परंतु कार्यक्रमापूर्वी व नंतर अशा दोन्ही चाचण्या देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्केच होते. ज्या नमुन्यातील बहुसंख्य माणसे उत्तर देत नाहीत त्यावरून निष्कर्ष काढण्याचा धोका संशोधन-पद्धतीच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

त्यानंतर ११ जून ते ११ जुलै २०२१ या काळात, एक वर्ष लांबलेली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा अकरा शहरांत झाली. बुडापेस्टने मैदान पूर्ण भरू दिले. वेम्बलीवर मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवीत अंतिम सामन्यास ६७,००० हून अधिक लोक आले. प्रवेशासाठी लसीचे अथवा चाचणीचे प्रमाणपत्र आवश्यक होते. त्या दिवशी तिकीट नसलेले सुमारे दोन हजार लोक प्रवेशद्वारे मोडून आत शिरले असे पुढील चौकशीत निष्पन्न झाले. प्रमाणपत्रांची सारी योजना अशा वेळी कागदावरच राहते.

वेम्बलीवरील आठ सामन्यांच्या संदर्भात, उपस्थित असताना बहुधा संसर्गक्षम असलेले ३,०३६ व त्या सुमारास संसर्ग झालेले असू शकतील असे ६,३७६ लोक मोजले गेले. याच उन्हाळ्यात, याच शासकीय प्रयोगाचा भाग म्हणून झालेल्या विंबल्डन टेनिस-स्पर्धेस सुमारे तीन लाख प्रेक्षक, म्हणजे वेम्बलीच्या आठ सामन्यांइतकेच, आले. तेथे हे आकडे अनुक्रमे सुमारे ३०० व सुमारे ६०० होते. प्रेक्षकसंख्या जवळपास समान, प्रवेशाच्या अटी सदृश, आणि फरक दहापट. स्कॉटलंडमधील आकडे यावर अधिक प्रकाश टाकतात. तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेने जूनअखेर स्पर्धेशी निगडित १,९९१ रुग्ण नोंदविले. त्यांपैकी १,२९४ जण लंडनला गेले होते. आणि १८ जूनच्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यासाठी प्रत्यक्ष मैदानात गेलेले केवळ ३९७ होते. हे लोक संसर्गक्षम अवस्थेत तेथे होते एवढेच ही नोंद सांगते. संसर्ग तेथेच झाला असे ती सांगत नाही. तरीही बहुसंख्य रुग्णांनी मैदान आतून पाहिलेच नव्हते, ही गोष्ट बोलकी आहे. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा. परंतु त्याचा दिवस सकाळच्या आगगाडीत सुरू होतो व रात्री मद्यगृहात संपतो. नियमन झाले ते नव्वद मिनिटांचे.

जमावासंबंधीचा सिद्धान्त येथे प्रस्तुत ठरतो. १८९५ मध्ये गुस्ताव्ह ल बाँ याने जमावात व्यक्ती आपले विवेकभान गमावते असे मत मांडले, आणि पोलीस-प्रशासनाच्या विचारावर त्याचा पगडा दीर्घकाळ राहिला. स्टीफन रायकर, जॉन ड्रूरी व क्लिफर्ड स्टॉट या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी अलीकडे याच्या उलट प्रतिपादन केले: जमावात व्यक्ती आपली ओळख गमावीत नाही, ती सामूहिक ओळखीकडे वळते, व त्या ओळखीच्या मर्यादांतच वागते. जे नियम आपल्या समूहाच्या हिताचे वाटतात ते प्रेक्षक स्वतःच पाळवितात. बाहेरून लादलेले टाळतात. डिसेंबर २०२० मधील दोन हजारांनी अंतर राखले, परंतु परावृत्त केले असतानाही गाणी म्हटली. गाण्याविना आपण समर्थक उरत नाही, ही त्यांची भूमिका होती.

जर्मनीत हीच गोष्ट तीव्रतेने प्रकट झाली. १५ सप्टेंबर २०२० रोजी तेथील प्रांतांनी असे ठरविले, की सात दिवसांत लाखामागे रुग्णसंख्या ३५ च्या खाली असेल तेथे मैदानाच्या २० टक्के प्रेक्षकांना प्रवेश द्यावा. तीनच दिवसांनी म्युनिकचा आकडा वाढल्याने तेथील उद्घाटनाचा सामना रिकाम्या मैदानात झाला. १९ तारखेस डॉर्टमुंड येथे ८१,००० च्या मैदानात सुमारे ९,३०० लोक आले. जेथे एरवी पंचवीस हजार माणसे उभी राहतात त्या प्रसिद्ध दक्षिण बाजूचे कट्टर समर्थक-गट त्यांत नव्हते. 'सर्व अथवा कोणीच नाही' हे त्यांचे सूत्र होते. नावानिशी तिकिटे, ठरवून दिलेली जागा, उभे राहण्यास बंदी या अटींवर मिळणारा प्रवेश हा प्रवेशच नव्हे, आणि सोडतीने निवडलेल्या काहींनी बाकीच्यांना बाहेर ठेवून आत बसणे हा समूहाचा भंग होय, असे ते मानीत. अंशतः खुले मैदान त्यांना पूर्ण बंद मैदानापेक्षा अधिक आक्षेपार्ह वाटले, ही बाब केवळ उपयुक्ततेच्या गणिताने उलगडत नाही.

रिकाम्या मैदानांनी संशोधकांना मात्र एक दुर्मीळ संधी दिली. यजमान संघास मिळणाऱ्या अनुकूलतेत प्रेक्षकांचा वाटा किती, हा वाद जुना आहे. २००२ मध्ये नेव्हिल, बामर व विल्यम्स यांनी चाळीस पंचांना एकाच सामन्यातील प्रसंग दाखविले. काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना निःशब्द. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी दोष दिले. महासाथीत हा प्रयोग संपूर्ण स्पर्धांवर घडून आला. पाहुण्या संघांना मिळणारी जादा कार्डे घटली, असे अनेक अभ्यासांत आढळले. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये ३८० सामन्यांत यजमानांचे विजय १४४ व पाहुण्यांचे १५३ झाले. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. लिव्हरपूलने घरच्या मैदानावर लीगमधील ६८ सामने अपराजित राहिल्यानंतर ओळीने सहा गमावले. अर्थात एकट्या लिव्हरपूलच्या अपयशात खेळाडूंच्या दुखापतींचा भाग मोठा होता. त्यामुळे पुरावा म्हणून पहिलाच आकडा घ्यावा.

भारतात इंडियन सुपर लीगचे २०२०-२१ व २०२१-२२ हे दोन्ही हंगाम गोव्यातच खेळविले गेले. १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीने फातोर्डा येथे विजेतेपद मिळविले तेव्हा मैदानात प्रेक्षक नव्हते. पुढील वर्षी, २० मार्च २०२२ रोजी, त्याच मैदानावर अंतिम सामन्यास प्रेक्षकांना पूर्ण प्रवेश मिळाला व केरळमधून समर्थक मोठ्या संख्येने तेथे आले.

इंग्लंडमध्ये १९ जुलै २०२१ रोजी निर्बंध उठले. दहा हजारांहून मोठ्या जमावांसाठी प्रमाणपत्राची अट १५ डिसेंबरपासून पुन्हा आली व जानेवारीअखेर गेली. डॉर्टमुंडचे मैदान पूर्ण भरण्यास २ एप्रिल २०२२ उजाडला. त्या दिवशी दक्षिण बाजूसह ८१,३६५ प्रेक्षक उपस्थित होते, आणि यजमान संघ लाइपझिगकडून ४-१ असा पराभूत झाला.