रिकामा रकाना

२००२ सालच्या फेब्रुवारीत, रात्री साडेअकराच्या सुमारास, वेल्समधील स्वान्सी या शहराहून माझ्या भाचीचा फोन आला, आणि अवेळी घणघणणाऱ्या फोनने काळजात जे चर्र होते ते होऊन गेल्यावर समजले की मंडळी सर्व खुशाल आहेत. मात्र तेरा महिन्यांच्या चिरंजीवांना दुसऱ्या दिवशी गोवर, गालगुंड व रुबेला या तिन्ही रोगांवरची एकत्रित लस टोचावयाची आहे आणि तिला धीर होत नाही. "मामा, इथं सगळ्याजणी म्हणतात, या लशीनं पोरं बोलायची थांबतात. पंतप्रधानसुद्धा स्वतःच्या बाळाला दिली की नाही ते सांगत नाहीत. काय करू?" ब्लेअरसाहेबांचे ते मौन खरेच होते, घरची बाब खाजगी असते हे त्यांचे म्हणणे तत्त्वतः रास्त असले तरी त्या घटकेला त्या मौनाचा अर्थ लक्षावधी मातांनी आपापल्या परीने लावून घेतला होता. मी तीस वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविलेला मनुष्य, पण परक्याच्या लेकराविषयी छातीठोकपणे बोलणारा आपल्या माणसाच्या लेकरापाशी चाचरतो, तसा चाचरलो आणि म्हणालो, "एवढी शंका येते तर थांब महिनाभर. संशोधन चालू आहे, कळेलच काय ते." तो महिना पुढे संपलाच नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक बाळाच्या नावे लाल पुठ्ठ्याची जी आरोग्यवही देतात, तिच्यात त्या लशीपुढचा रकाना रिकामा राहिला, आणि त्या रिकामेपणात माझाही वाटा आहे.

ज्या संशोधनाने हे सारे घडविले ते 'द लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय साप्ताहिकात २८ फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाले होते. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील डॉ. अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांचे बारा सहकारी अशा तेरा जणांच्या सहीने निघालेला तो निबंध अवघ्या बारा मुलांविषयीचा होता. या मुलांच्या आतड्यांत एक विशिष्ट दाह आढळतो, त्यांची वाढ आधी सुरळीत चाललेली असून मग ती स्वमग्नतेकडे वळली, आणि बारांपैकी आठांच्या पालकांच्या (क्वचित डॉक्टरांच्या) सांगण्याप्रमाणे हा फेरफार लस टोचल्यानंतर सरासरी ६.३ दिवसांत दिसू लागला, असा त्यातला मजकूर. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, अशी कबुलीही त्यातच होती; परंतु निबंध बाहेर पडण्याच्या सुमारास रुग्णालयाने जी वार्ताहर परिषद बोलाविली तीत वेकफील्ड यांनी तिन्ही लशी एकत्र न देता सुट्या सुट्या द्याव्यात असे सुचविले, आणि कबुली साप्ताहिकाच्या पानांत राहून सूचना तेवढी घरोघर गेली.

पालकांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे येथेच सांगून टाकतो. ही लस त्या काळी ब्रिटनमध्ये बारा ते पंधरा महिन्यांच्या वयात दिली जाई. मूल स्वमग्न आहे अशी पहिली शंका आईला येऊ लागते तीही बहुधा दुसऱ्या वर्षातच, कारण हाकेला वळून पाहणे, बोटाने वस्तू दाखविणे, शब्दांची जुळणी करणे या ज्या गोष्टींच्या अभावावरून ती शंका येते त्या अपेक्षितच मुळी त्या वयात असतात. म्हणजे ज्या देशात दहांपैकी नऊ मुलांना ही लस मिळत होती तेथे कोठल्याही लक्षणाच्या आधी मागे वळून पाहिले तर लस दिसणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की फांदीच्या मालकाला कावळाच दिसतो, आणि ज्याची फांदी मोडली त्याला काकतालीय न्याय समजावून सांगणे हे निष्ठुरपणाचे काम आहे. संशोधकाचे काम नेमके याच्या उलट असते. कावळा न बसताही किती फांद्या मोडतात हे त्याने मोजावयाचे असते, आणि बारा मोडक्या फांद्या निवडून आणल्यावर ते मोजणे शक्यच राहत नाही.

निवडून आणल्या होत्या, ही गोष्ट मागाहून बाहेर आली. ती बाहेर काढणारा इसम शास्त्रज्ञ नव्हता. ब्रायन डीअर या 'संडे टाइम्स'च्या वार्ताहराने २००४ च्या फेब्रुवारीत पहिला तपशील छापला आणि पुढे सात वर्षे तो दप्तरे उपसत राहिला. आपल्याकडे जमाखर्च तपासणारा जुना कारकून मूळ नोंद एका हाताखाली आणि नक्कल दुसऱ्या हाताखाली धरून ओळीला ओळ लावीत जाई. त्याला रुजुवात म्हणत. डीअरने केले ते एवढेच. निबंधापूर्वी दोन वर्षे, १९९६ सालापासून, लस बनविणाऱ्या कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या एका वकिलाने वेकफील्ड यांना तासाला दीडशे पौंड मेहनतान्यावर नेमले होते. हा पैसा गरीब पक्षकारांना वकील मिळावा म्हणून ठेवलेल्या सरकारी निधीतून येत होता, आणि अखेर तो खर्चवेच वगळून ४,३५,६४३ पौंडांवर गेला. १९९७ च्या जूनमध्ये, म्हणजे एकत्रित लशीविषयी जाहीर शंका काढण्याच्या आठ महिने आधी, गोवराच्या निराळ्या लशीसाठी पेटंटचा अर्जही दाखल झालेला होता. बारा मुले वाटेने जाता जाता रुग्णालयात आलेली नव्हती. लशीविरुद्ध मोहीम चालविणाऱ्यांच्या आणि वकिलाच्या ओळखीतून ती जमली होती.

मात्र पैशापेक्षाही मला निबंधातल्या तारखांनी अधिक अस्वस्थ केले. अकराव्या मुलाचे उदाहरण घ्या. लस टोचल्यावर आठवड्याभरात याची लक्षणे सुरू झाली असे निबंधातील कोष्टक म्हणते. रुग्णालयाच्या कागदांवर लक्षणांचा आरंभ मुलाच्या तेराव्या महिन्यात, म्हणजे लस टोचण्याच्याही आधी, लिहिलेला आहे. आधी घडलेल्या गोष्टीचे कारण मागाहून टोचलेली सुई! बाराही मुले पूर्वी निरोगी होती असे छापले, त्यांतल्या पाचांच्या बाबतीत लशीपूर्वीच वाढीविषयी काळजीच्या नोंदी सापडल्या. स्वमग्नतेकडे वळलेली म्हणून नऊ मुले दाखविली, त्यांतल्या तिघांना स्वमग्नतेचे निदानच झालेले नव्हते. नऊ मुलांच्या आतड्यांच्या तपासणीत रुग्णालयाच्या विकृतिशास्त्रज्ञांना विशेष काही आढळले नव्हते; पुढे संशोधनासाठी म्हणून फेरतपासणी झाली आणि त्या नऊही ठिकाणी दाह अवतरला. वेकफील्ड यांच्याच प्रयोगशाळेत निकोलस चॅडविक या तरुण संशोधकाने त्या मुलांच्या नमुन्यांत गोवराच्या विषाणूची जनुकीय खूण शोधली होती आणि ती मिळाली नव्हती. त्याने आपला निष्कर्ष वरिष्ठांना सांगितला, पण निबंधात तो आला नाही. पुढे २००७ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयापुढे त्याने तशी साक्ष दिली.

आणखी एक प्रसंग आहे. तुलनेसाठी निरोगी मुलांचे रक्त हवे होते. वेकफील्ड यांनी ते आपल्याच मुलाच्या वाढदिवसाला जमलेल्या सवंगड्यांचे घेतले आणि प्रत्येकाच्या हातावर पाच पौंड ठेवले. हा किस्सा त्यांनी पुढे कॅलिफोर्नियातील एका व्याख्यानात विनोद म्हणून सांगितला, कोणाला भोवळ आली नि कोणाला ओकारी झाली याच्या वर्णनासकट, आणि श्रोते हसले. डॉक्टरांच्या सनदा देणारे व काढून घेणारे जे ब्रिटनचे जनरल मेडिकल कौन्सिल, त्याच्या चौकशी मंडळाला मात्र हसू आले नाही. २०० हून अधिक दिवस कामकाज चालवून मंडळाने जानेवारी २०१० मध्ये वेकफील्ड अप्रामाणिकपणे व बेजबाबदारपणे वागल्याचा निवाडा दिला आणि मुलांच्या यातनांविषयीची निर्दय बेपर्वाई त्यांच्या पदरी घातली. लॅन्सेटने फेब्रुवारीत निबंध मागे घेतला आणि २४ मे रोजी त्यांची सनद रद्द झाली. न्यायासाठी हेही नमूद केले पाहिजे की त्यांच्यासोबत ज्यांची सनद गेली ते ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ जॉन वॉकर-स्मिथ यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये ते दोषमुक्त झाले. वेकफील्ड यांनी सनद गेली त्याच वर्षी, २०१० मध्ये, एक पुस्तक काढले आणि निवाड्यातील त्या निर्दय बेपर्वाईचेच शब्द त्याला नाव म्हणून दिले. निर्ढावलेपणालाही एक प्रकारची प्रतिभा लागते.

दरम्यान ज्यांनी खरोखर फांद्या मोजल्या त्यांचे काम शांतपणे चालू होते. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची नोंद असल्यामुळे तेथील संशोधकांना १९९१ ते १९९८ या काळात जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांचा मागोवा घेता आला. लस घेतलेल्या नि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणात फरक दिसला नाही. जपानने निराळ्याच कारणासाठी १९९३ मध्ये एकत्रित लस थांबविली होती, तरी योकोहामात स्वमग्नतेची निदाने वाढतच राहिली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधूनच पुन्हा ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास आला आणि उत्तर तेच निघाले.

लशीवरचा प्रत्येक आरोप खोटाच असतो असे मात्र मी म्हणणार नाही, आणि आरोप झालेला प्रत्येक संशोधक दोषी असतो असेही नाही. ज्या मुंबईने हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेला दिले त्या मुंबईच्या माणसाला तर हे विसरणे शोभणार नाही. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याला प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेणाऱ्या या संशोधकावर पाचच वर्षांत बालंट आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ लोकांना लस टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सरकारी चौकशीने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केले. परंतु मेलेले एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींच्या केसालाही धक्का लागला नाही. बाटली मुंबईत नासली असती तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटावयास हवी होती, आणि उघडताना तसा वास आला नव्हता. उलट त्या सकाळी बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडून नीट निर्जंतुक न होताच वापरला गेल्याची जबानी चौकशीच्याच दप्तरात पडून होती. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ही रुजुवात मांडली तेव्हा कोठे हाफकिन निर्दोष ठरले. ते हिंदुस्थानात परतले, पण मुंबईला नव्हे, कलकत्त्याला. एका संशोधकाला कागदांनी तारले, दुसऱ्याला कागदांनी बुडविले. ते कागद वाचले जाण्यास पाच वर्षे इकडे लागली आणि सहा वर्षे तिकडे.

सनद गेल्याने माणूस बोलावयाचा थांबत नाही. वेकफील्ड तोवर अमेरिकेत टेक्सासमध्ये स्थायिक झालेले होते. मिनेसोटात वस्ती करून राहिलेल्या सोमाली निर्वासितांना आपल्या मुलांत स्वमग्नता अधिक दिसते अशी चिंता वाटत होती; त्यांच्या सभांना हे गृहस्थ २०१० व २०११ मध्ये अनेकदा जाऊन आले. त्या समाजातील दोन वर्षांच्या मुलांत या लशीचे प्रमाण २००४ मध्ये ९२ टक्के होते, २०१४ मध्ये ते ४२ टक्क्यांवर आले होते, आणि २०१७ मध्ये त्या राज्यात गोवराचे जे ७५ रुग्ण निघाले त्यांत बहुसंख्य याच घरांतले होते. परक्या मुलुखात आलेल्या आईला कौन्सिलचा निवाडा ठाऊक नसतो. तिला दिसतो तो आपले म्हणणे ऐकून घेणारा एक डॉक्टर, आणि तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारा दुसरा डॉक्टर बहुधा तिला भेटलेला नसतो.

गोवराचा एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो, आणि म्हणून त्याला थोपवावयाचे तर शंभरांतली पंचाण्णव मुले लस घेतलेली असावी लागतात. इंग्लंडमध्ये हे प्रमाण सुमारे ९२ वरून २००३-०४ पर्यंत सुमारे ८० वर घसरले. पण रिकामे रकाने लगेच बोलत नाहीत. तान्ही मुले शाळेत जातात, एकाच बाकावर बसू लागतात, आणि मग एके दिवशी ठिणगी पडते. इंग्लंड व वेल्समध्ये १९९८ साली गोवराचे ५६ पक्के रुग्ण होते, २००८ साली १,३७०. स्वान्सीचा भाग तर आधीपासूनच रिकाम्या रकान्यांनी भरलेला होता, कारण तेथील एका स्थानिक दैनिकाने लंडनच्या निबंधाच्याही आधी, १९९७ मध्ये, या लशीविरुद्ध आघाडी उघडली होती. नोव्हेंबर २०१२ पासून पुढच्या जुलैपर्यंत त्या साथीत बाराशेंवर रुग्णांची नोंद झाली आणि पंचवीस वर्षांचा एक तरुण दगावला.

एप्रिल २०१३ मधल्या एका शनिवारी स्वान्सीच्या रुग्णालयांतून लशीसाठी रांगा लागल्या. त्या रांगांत कडेवरची मुले थोडी आणि मिसरूड फुटू लागलेली पोरे अधिक, असे भाचीने मला फोनवर सांगितले. तिचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा झाला होता आणि उंचीने तिच्या कानाला लागत होता. तिने कपाटाच्या तळातून ती लाल वही शोधून काढून बरोबर नेली होती. परिचारिकेने ती उघडली, पान उलटले, अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली. दंडावर कापूस दाबून बाहेर येताना मुलाने विचारले, हे तेव्हाच का नव्हते दिले. तिने त्याला काय सांगितले हे मी तिला विचारले नाही.