परदेशातील वेठ आणि कायद्याचा आसरा

२००५ साली कतरिना वादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याची धूळधाण केली. त्यानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने मिसिसिपी व टेक्सास येथील आपल्या गोद्यांसाठी सुमारे ५०० भारतीय वेल्डर व पाइप-फिटर नेले. कायम वास्तव्याचा परवाना मिळेल या आशेने त्यांनी दलालांना १०,००० डॉलर वा त्याहूनही अधिक रक्कम मोजली होती. तेथे मात्र एकेका खोलीत चोवीस-चोवीस माणसे, आणि त्या निवाऱ्यापोटी दरमहा १,०५० डॉलरची वेतनकपात! तक्रार करावी तर मायदेशी रवानगी. आणि घरी कर्ज तसेच उभे.

करारावर आपणच सही केली, मग दाद कोणाकडे मागावी, असे अशा माणसास वाटते. हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे वेठीसाठी पायांत बेडीच हवी असे नाही. धमकी वा कर्जाचा फास यांच्या जोरावर करून घेतलेले कामही वेठ ठरू शकते. अशा पीडितास 'टी' व्हिसासाठी अर्ज करता येतो. त्याने आपली हकीकत लिहून द्यावी आणि तपासास वाजवी साहाय्य करावे. अठरा वर्षांखालील मुलांना ही अट नाही. पोलिसांचे पत्र उपयोगी पडते, परंतु ते अनिवार्य नव्हे. पती वा पत्नी आणि मुले यांच्यासाठीही अर्ज करता येतो.

२००८ साली त्या कामगारांनी काम सोडून उघडपणे दाद मागितली. पुढे त्यांतील अनेकांना हा व्हिसा मिळाला. २०१५ साली ज्यूरीने पाच जणांना १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई देवविली.

म्हणून परदेशी निघालेल्याच्या कराराची प्रत, दलालाच्या पावत्या व पत्रे घरच्यांनी जपून ठेवावीत. प्रसंगी तीच त्याची साक्ष होतात.